घनाच्या सहा बाजू

प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकात घनाचे चित्र असते. घनाला बाजू सहा. चित्रात दिसतात तीनच. उरलेल्या तीन मुलाने गुरुजींच्या शब्दावर मान्य करावयाच्या! भूमितीचा असा श्रद्धेने होणारा आरंभ आम्हाला कधीच पटला नाही.

संगणकावर त्रिमितीय आकृती रचण्याची साधने आता बालवर्गांपर्यंत पोहोचली आहेत. २०११ साली निघालेले ‘टिंकरकॅड’ विनामूल्य आहे. मूल पडद्यावर घन आणते, तो फिरवून मागून-खालून न्याहाळते, नळकांडे त्यातून वजा करते आणि आरपार पडलेले छिद्र पाहून हरखते. वजाबाकी आकारांचीही होते, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

तथापि, पडद्यावरच्या घनाला वजन नसते. १८३७ साली जर्मनीत बालोद्यानाचा पाया घालणाऱ्या फ्रोबेलने मुलांच्या हाती लाकडी ठोकळे दिले, ते उगीच नव्हे. आधी माती, मग ठोकळे, त्यानंतर पडदा, हाच क्रम आम्ही योग्य मानतो.

साधन फुकट असले तरी संगणक, वीज आणि जाणता शिक्षक फुकट मिळत नाहीत. श्रीमंतांच्या शाळेत मुलाने घन फिरवावा आणि पालिकेच्या शाळेत तो पाठ करावा काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला आहे. तो खरा करावयाचा, तर शिक्षकांचे प्रशिक्षण आधी व्हावे, यंत्रांची खरेदी नंतर. घनाच्या सहाही बाजू पाहण्याचा हक्क प्रत्येक मुलाचा आहे.