शेक घे आणि कामाला लाग

बाईच्या दुखण्यावर घरात मिळणारा पहिला, आणि बहुतेक वेळा शेवटचा उपचार म्हणजे शेक. मिठाची पुरचुंडी, तव्यावर गरम केलेलं फडकं, असलीच तर रबराची पिशवी. पाळीत ओटीपोट दुखतं, ओणवं राहून फरशा पुसल्यावर कंबर धरते, तेव्हा शेकानं खरंच आराम पडतो. पण ताज्या माराला किंवा मुरगळलेल्या पायाला शेक चुकीचा. आत रक्त साकळत असताना उष्णतेनं सूज वाढते. पहिले दोन दिवस तिथे गार हवं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्याची घडी. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर दोन्ही जपून, कारण भाजलेलं कळतच नाही.

एवढं आपण शिबिरांत सांगतो. माझं भांडण पुढच्या गप्प बसण्याशी आहे. "जिन्यावरून पडले" म्हणणाऱ्या बाईला आपण बर्फ सांगतो आणि जिना कुठला ते विचारत नाही. (मी काम करते त्या वस्तीत निम्म्या घरांना जिनाच नाही.) सूज उतरते, आठवड्या-दोन आठवड्यांत वळही पुसट होतात. मग कोर्टात दाखवायला काय उरतं? म्हणून बर्फ लावतानाच विचारायला हवं, दवाखान्यात जाऊन केस पेपरवर हे लिहवून घ्यायचं का? तिनं मदत मागितली तर दवाखान्यानं उपचार द्यायलाच हवेत, असं घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याचं (२००५) कलम ७ सांगतं. मार खाल्लेली बाई पोलिसांआधी दवाखान्याची पायरी चढते, हे ओळखूनच २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं.

आमच्यातल्या काहीजणी म्हणतात, आरोग्याच्या बैठकीत हा विषय काढला तर बायका पुन्हा यायच्या नाहीत. चारचौघींत काढला तर नाहीच येणार. केस पेपर नको असं ती म्हणाली, तर तो तिचा निर्णय. डोक्याला मार असेल, उलट्या होत असतील, तर मात्र आधी दवाखाना. एरवी सासू शेजारी उभी असेल तर मुकाट्यानं बर्फ द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सूज बघायच्या निमित्तानं, ती एकटी असेल तेव्हा जावं.