मोटारीची उचकी

माणसाला उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली असे आपण म्हणतो आणि भांडेभर पाणी पुढे करतो. मोटारीला लागली तर मात्र मिस्त्रीला आपल्या खिशाची आठवण झाली असे समजावे! आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांची १९८८ सालची प्रीमिअर पद्मिनी सहा महिने अशी उचकत होती. सिग्नलला थांबली की इंजिन थरथरे, मधूनच बंद पडे. वेगात धरली की पुष्कळशी सुधारे. प्लग बदलून झाले, कार्बोरेटर दोनदा धुऊन झाला. अखेर गॅरेजचा निकाल आला, इंजिन खोलावे लागेल. चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्यापेक्षा भंगारात द्या." मास्तर त्यावर काही बोलले नाहीत. संध्याकाळी किल्ली घेऊन माझ्याकडे आले आणि "तुम्ही एकदा पाहता का?" एवढेच म्हणाले.

मी प्रथम कॉम्प्रेशन मोजले. प्लगच्या जागी मापक लावून स्टार्टर फिरवायचा, थोड्या वेळाचे काम. चारही सिलिंडरांचे आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे. म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगा धड होत्या. इंजिन खोलण्याला कारणच उरले नाही. हे माप कोणी आधी घेतले असते, तर वहिनींची झोप तरी उडाली नसती.

मग इंजिन स्लोवर ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर उपसली. (ही युक्ती जुन्या पॉइंटच्या गाडीपुरतीच, बरे का! नव्या गाडीत ती करू नये. तिथे संगणकच 'पी ०३०३' असा आकडा दाखवून तिसरा सिलिंडर चुकतो आहे हे सांगतो.) पहिली वायर काढताच इंजिन आणखी लंगडले. दुसरी, चौथी, तोच प्रकार. तिसरी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही! जो कारकून कामच करीत नाही, तो रजेवर गेल्याने कचेरीचे काय अडणार? तिसऱ्याचा प्लग पहिल्यात घातला. पहिला ठणठणीत, तिसरा मेलेलाच. म्हणजे प्लग निर्दोष. रात्री दिवा घालवून बॉनेट उघडले, तेव्हा तिसरी वायर इंजिनाला टेकत होती तिथे निळी ठिणगी चटचट उडताना मास्तरांनीच आधी पाहिली. वायरीचे रबर तडकले होते.

वायर बदलली, तरी थरथर पुरती जाईना. मिस्त्री फसले असतील ते इथेच, कारण दुखणी दोन होती आणि एकमेकांच्या आड लपली होती. स्लोवर कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि आत ओढ फार जोराची. तेव्हा एखाद्या फटीतून चोरवाटेने हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडते. वेगात मुळातच भरपूर हवा जात असते, तिथे एवढ्याशा फटीचे फारसे चालत नाही. कार्बोरेटरच्या तळाच्या सांध्यावर पिचकारीने पाण्याचे चार थेंब सोडले (पेट्रोल चुकूनही नव्हे!) तोच इंजिनाचा सूर बदलला. पॅकिंग वाळून चिरले होते. ते नवे घातले, आणि दोष झाकण्यासाठी कोणी आवळून ठेवलेला स्लोचा स्क्रू मागे घेतला.

दोन्ही वस्तू मिळून खर्च हजाराच्या आत आला. भंगारवाला ठरल्याप्रमाणे परवा आला होता; त्याला वहिनींनी फराळाची बशी देऊन परत पाठवला.