एनएच २२ लेथचे कागद खुले करा

सन्माननीय केंद्रीय अवजड उद्योग मंत्री,
नवी दिल्ली



मी हिंगणघाटचा लेथवाला. आमचे गाव वणा नदीच्या काठचे, कापसाचे. इंग्रजांच्या काळात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका प्रतीचेच नाव होते. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला, की माझ्याकडे जिनिंगचे रोलर येतात. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या ओवलेले दोन रोलर असतात. धागा त्या चामड्याला धरून सुरीखालून ओढला जातो, सरकी मागे राहते. रोलर वेडावाकडा झिजला, की सुरी सगळीकडे सारखी टेकत नाही. मग तो लेथवर चढवायचा, सरळ करायचा आणि त्यावर पुन्हा खाचा पाडायच्या. हंगामात या कामाला रात्र-दिवस नसतो.

माझा लेथ एचएमटीचा, एनएच २२. वडिलांनी एका बंद गिरणीच्या वर्कशॉपमधून तो लिलावात घेतला होता. बिडाचा बेड इतका जड, की टेम्पोतून उतरवायला आठ माणसे लागली होती. गेल्या हंगामात शिकाऊ पोराने चालत्या मशीनचा दांडा ओढला आणि हेडस्टॉकमधल्या एका गिअरचे दोन दात उडाले. चूक पोराची आणि त्याला नीट न सांगणाऱ्या माझी. रोलर दारात पडलेले. मी गिअर काढला, दात मोजले: ३८. बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर. ३८ मध्ये २ मिळवायचे आणि १०० ला ४० ने भागायचे, म्हणजे अडीच मोड्यूल. हा हिशेब कोणताही टर्नर करतो. नागपुरातून तसा गिअर कापून आणला. तो बसला, चालला आणि दोन महिन्यांत पुन्हा तुटला.

कारण व्हर्नियरने आकार मोजता येतो. पोलाद कोणते, वरचा थर किती कडक आणि किती खोल, दात कुठे किती घासून घ्यायचा, हे व्हर्नियर सांगत नाही. ते कागदावर असते. मूळ यंत्र ज्यांनी आखले, त्यांच्या ड्रॉइंगवर असते. माझे मागणे त्या कागदाचे आहे.

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, १९५३ साली बंगळूरला उभी राहिली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या मदतीने आणि सरकारच्या, म्हणजे लोकांच्या पैशातून. त्याआधी मराठी माणसाने यंत्रे बनवण्याचे धाडस केले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना वसवला, आणि १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहरला लेथचा कारखाना काढला. हरिहरचा तो कारखाना आता बंद आहे. एचएमटीच्या घड्याळ कंपन्या बंद करायला २०१६ साली मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा देशभर हळहळ झाली. मशीन टूल विभाग चालू आहे, पण पूर्वीच्या मानाने पार आकसलेला. त्याच्यासाठी कुणी हळहळत नाही. लेथ कुणाच्या मनगटावर नसतो.

आपल्याकडे काहीच बनत नाही, असे मी म्हणणार नाही. राजकोट आणि बंगळूरमध्ये चांगली सीएनसी यंत्रे बनतात. नागपुरात बनलेल्या जिन आफ्रिकेत जातात, याचा आम्हा वैदर्भीयांना अभिमान आहे. पण देशात लागणाऱ्या मशीन टूलपैकी निम्म्याच्या आसपास आजही बाहेरून येतात. आणि इथे बनलेल्या सीएनसीचेही कंट्रोलर बहुतेक जपानी किंवा जर्मन असतात. माझ्या ओळखीच्या एकाचे परदेशी यंत्र भर हंगामात एका कार्डापायी तीन आठवडे झाकून पडले होते. उघडून काय बघणार? आत काय आहे, हे इथल्या कुणालाच माहीत नव्हते.

आत काय आहे हे माहीत असले, की काय साधते, याची गोष्ट आमच्या गावातच आहे. इथे विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. भारताच्या महासर्वेक्षणाचे काम करता करता २० जानेवारी १८२३ रोजी ते इथेच वारले. त्यांचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, लंडनच्या केरीने बनवलेला, अर्ध्या टनाचा. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून तो आपटला आणि त्याचे चक्र वाकले. लॅम्ब्टन तंबूत बसले आणि सुमारे सहा आठवडे राबून त्यांनी ते चक्र पाचरी, स्क्रू आणि लाकडी हातोडीने हळूहळू गोलात आणले. यंत्राच्या पोटात काय आहे, हे त्यांना माहीत होते म्हणूनच ते जमले. माझ्या शिकाऊ पोराला मी ही गोष्ट त्या कबरीजवळ उभा करून सांगितली.

आपल्या मंत्रालयाने २०२२ साली भांडवली वस्तूंच्या स्पर्धाक्षमतेसाठी १,२०७ कोटींची योजना आणली. नवे तंत्रज्ञान, मोठ्या संस्था यांसाठी ती हवीच. मी मागतो आहे त्याला त्याचा सहस्रांशही लागणार नाही. एचएमटीच्या जुन्या लेथ, मिलिंग आणि ड्रिलिंग यंत्रांची ड्रॉइंग, पोलादाच्या आणि कडकपणाच्या नोंदी स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या करा. एनएच २२ लेथ आणि एफएन २ मिलिंग मशीन आजही गावोगावच्या वर्कशॉपमध्ये आणि आयटीआयमध्ये उभ्या आहेत. ज्यांनी त्या जुळवल्या, निळी लावून बेड खरवडला, ते कारागीर आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना बोलावून हातचे काम चित्रित करून ठेवा. आयटीआयच्या पोराला त्या ड्रॉइंगवरून एक गिअर, एक लीड स्क्रू स्वतः बनवू द्या. यंत्र वापरणारा आणि यंत्र बनवणारा यांच्यातली वाट तिथूनच जाते.

माझ्या लेथमध्ये सध्या तिसरा गिअर आहे, तोही अंदाजाचाच. दिवाळीनंतर कापूस येईल. त्याआधी निदान एनएच २२ च्या हेडस्टॉकचे कागद तरी खुले करा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक टर्नर, हिंगणघाट