चाक फिरतंय? मग स्क्रीन बंद!

पांढरकवड्याच्या पोरांना हायवेचं कौतुक नसतं. नागपूर-हैदराबाद रस्ता आमच्या उशाशीच आहे. पूर्वीचा सात नंबर, आताचा चव्वेचाळीस. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग. कापसाच्या गाड्या, कंटेनर, रात्रीच्या ट्रॅव्हल्स, आम्ही सगळं बघितलंय. पण या दिवाळीत आमच्या दारात एक गाडी येऊन उभी राहिली आणि अख्खी गल्ली बघायला जमली. कॅम्परव्हॅन!

मामेभावानं ती नागपूरहून भाड्यानं आणली होती. आत दोन बाक, रात्री त्यांचेच पलंग. एक छोटी शेगडी, पाण्याची टाकी, दोन दिवे आणि एक चार्जिंगचा प्लग. समोरच्या आजी आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाप्पा! गाडीत घर हाय का घरालेच चाकं हायत?"

आणि मी काय विचारलं असेल? "नेट चालेल ना आत?"

हसू नका. तुम्हीही हेच विचारलं असतं.

त्या दिवशी भारताची टी-ट्वेंटी मॅच होती. आम्ही पाच भावंडं, एक लॅपटॉप आणि स्टिअरिंगवर ड्रायव्हर काका. हैदराबादला जायचं होतं. संध्याकाळी सातला निघालो. लॅपटॉप मधल्या फळीवर ठेवला, माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि आमचं चालतं-फिरतं टीव्हीघर तयार झालं. पाटणबोरी मागे पडेपर्यंत आम्ही सगळे राजे होतो.

तिथून पुढे जे झालं, त्यामुळे हा लेख लिहिते आहे. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. "प्रवासात खिडकीबाहेर बघा, काय ते मेलं स्क्रीनमध्ये डोकं घालून बसता" हे मी तुम्हाला सांगणार नाहीये. ते सांगायला घरोघरी माणसं आहेत. शिवाय रात्री आठ वाजता हायवेवर खिडकीबाहेर दिसतं काय? काळोख, आणि त्या काळोखात आपलाच चेहरा.

दुसरं म्हणजे, गाडी आणि टीव्ही यांचं नातं आपण लावलेलं नाही. माझी आई सांगते, १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा त्यांच्या गावात एकच टीव्ही होता, ब्लॅक अँड व्हाइट. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि तिच्यावर टीव्ही लावायचा. बारा व्होल्टवर चालायचे ते टीव्ही. ओसरीत माणसं मावायची नाहीत. आमच्या कॅम्परव्हॅनमध्ये गाडीच्या बॅटरीवर लॅपटॉप चार्ज होत होता, तेव्हा आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यात नवीन काय केलं तुम्ही?"

खरंच, नवीन काहीच नाही. त्याच्याही आधीचं सांगायचं तर महाराष्ट्रात टुरिंग टॉकीज होत्याच की. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, पेट्या, तंबू आणि सोबत चार-पाच माणसं. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. या तंबू-सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर नक्की बघा. आपल्याच जत्रा आहेत त्यात, आपलीच माणसं.

तेव्हा स्क्रीन गाडीत आली म्हणून संस्कृती बुडाली असं मला मुळीच वाटत नाही. उलट मी तर म्हणेन, पाच जणांनी पाच मोबाइल घेऊन, कानात इअरफोन घालून पाच कोपऱ्यांत बसण्यापेक्षा एका लॅपटॉपभोवती खांद्याला खांदा लावून बसणं कधीही चांगलं. भांडणं होतात, कोणाचं तरी डोकं मध्ये येतं, चिवड्याची पिशवी फिरते. टीव्ही म्हणजे हेच तर होतं ना?

मग घोटाळा कुठं झाला?

पैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही तेलंगणात शिरलो आणि नेटवर्क गेलं. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. आला, गेला, आला, गेला. एका ओव्हरचे तीन चेंडू दिसायचे आणि तीन गायब. चांगल्या क्वालिटीत बघितलं तर तासाला साधारण तीन जीबीपर्यंत डेटा जातो, त्यामुळे रोजच्या दोन जीबीच्या पॅकनं आधीच मान टाकली होती. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावला. मग एकदम चित्र आलं, चेंडू हवेत होता, आणि आम्ही पाचही जण ओरडलो, "कॅऽऽच!"

काकांनी मागे वळून बघितलं.

एक क्षण. फार तर दोन सेकंद. "आऊट झाला का?" असं त्यांनी विचारलं आणि त्याच वेळी माझ्या भावानं पुढे बघून किंकाळी फोडली. रस्त्याच्या कडेला एक ट्रक बंद पडून उभा होता. मागचे दिवे नाहीत, काही नाही. काकांनी कचकन ब्रेक मारून गाडी उजवीकडे घेतली. आम्ही वाचलो. लॅपटॉप फळीवरून उडाला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला. तिथं माझी धाकटी बहीण पाच मिनिटांपूर्वीपर्यंत बसलेली होती.

नंतर डोकं शांत झाल्यावर मी हिशेब केला. तुम्हीही करून बघा, दहावीचंच गणित आहे. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दोन सेकंद मागे बघितलं म्हणजे ४४ मीटर गाडी आंधळी चालली. आणि लॅपटॉप? गाडी एकदम थांबली तरी तो त्याच वेगानं पुढे जातो. तो वेग म्हणजे साधारण २५ मीटरवरून, आठव्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या वस्तूचा. आठव्या मजल्यावरून दोन किलोची वस्तू कोणाच्या डोक्यात पडली तर काय होईल, हे सांगायला इंजिनीअरिंगचा मित्र लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक ड्रायव्हरची. त्यानं का बघावं मागे? कायदाही तेच सांगतो. २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांनुसार गाडी चालवताना ड्रायव्हरनं व्हिडिओ बघायचा नाही, रस्ता दाखवणारं ॲप तेवढं चालतं. पण खरं सांगा, एका खोलीत सहा माणसं आहेत, पाच जण मॅच बघताहेत, ओरडताहेत, आणि सहाव्याला सांगायचं की तू भिंतीकडे तोंड करून बस. जमेल तुम्हाला?

इथंच कॅम्परव्हॅन वेगळी आहे. रेल्वेत तुम्ही सिरीज बघा, लोको पायलट तुमच्यापासून कितीतरी डबे लांब असतो. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये पडदा लावून, इअरफोन घालून बघा, पुढच्या केबिनमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. कॅम्परव्हॅन मात्र ड्रायव्हरसकट एकच खोली आहे. तिची मजा त्यातच आहे आणि धोकाही त्यातच. आपण बघतो, तो ऐकतो. आणि अर्धवट ऐकलेली गोष्ट माणसाला गप्प बसू देत नाही.

ट्रक मागे पडल्यावर गाडीत कोणी बोलेना. थोड्या वेळानं काकाच म्हणाले, "ताई, तुमी पाहा, मले काही त्रास नाही. पण आयकू आलं का पाहावंसं वाटते ना. मीबी माणूसच आहो."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. माफी मागितल्यासारखा होता. आणि मला तेच जास्त लागलं. माफी मागायला हवी होती ती आम्ही. हॉटस्पॉट माझा होता, लॅपटॉप माझा होता, "आवाज वाढव गं" म्हटल्यावर आवाज मीच वाढवला होता. निघाल्यापासून तासाभरात त्यांना पाणी हवं का, असंही कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कॅम्परव्हॅनमध्ये चाक फिरत असेल तोवर स्क्रीन बंद. चाक थांबलं की चालू. यात मधला मार्ग नको.

"इअरफोन लावून बघितलं तर?" हा प्रश्न माझ्या भावानंही विचारला. एकट्यानं बघत असाल तर ड्रायव्हरला त्रास नाही, मान्य. पण मग आपण जे मोठं कौतुक केलं, एकत्र बघायचं, ते कुठं राहिलं? पाच जणांना एका लॅपटॉपला इअरफोन लावता येत नाहीत. आणि लॅपटॉप हवेत उडायचा तो उडणारच, आवाज चालू असो की बंद. शिवाय चालत्या गाडीत स्क्रीनकडे बघून मळमळतं ते वेगळंच. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कान आतून सांगतो आपण हलतोय, आणि त्या दोघांच्या भांडणात पोट बिघडतं. निर्मलच्या घाटात आम्हाला याचा अनुभव आला असता, त्याच्या आतच शहाणपण आलं.

पुन्हा टुरिंग टॉकीजकडे या. ते लोकही सिनेमा गाडीतूनच न्यायचे. पण चालत्या ट्रकमध्ये कधी कोणी खेळ लावला का? आधी मुक्कामाला पोचायचं. तंबू ठोकायचा. अंधार पडू द्यायचा. मग पडदा उजळायचा. प्रवास वेगळा, खेळ वेगळा. आणि खेळाच्या वेळी ट्रकचा ड्रायव्हरही मोकळा.

आता ही गोष्ट आपल्या चार-पाच जणांपुरती राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या वाढणार आहेत, आपणच त्या भाड्यानं घेणार आहोत आणि रील्सही आपणच टाकणार आहोत. त्याच वेळी आपले रस्ते कसे आहेत तेही बघा. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दर तासाला एकोणीस. साडेतीन तासांची एक टी-ट्वेंटी मॅच संपेपर्यंत साठच्या वर. आमच्या भागात तर रस्त्यावर फक्त माणसं नसतात. टिपेश्वरच्या जंगलातून २०१९ मध्ये निघालेला कॉलर लावलेला वाघ महाराष्ट्र-तेलंगणातून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला होता, हजारावर किलोमीटर. असे प्रवासी रात्री रस्ता ओलांडतात आणि ते हॉर्न देत नाहीत.

तेव्हा निघण्याआधी एवढं करा. जे बघायचं ते घरच्या वायफायवर डाउनलोड करून घ्या, म्हणजे त्या गोल चक्राकडे बघत तडफडायला नको. चालत्या गाडीत लॅपटॉप बॅगेत आणि बॅग खाली, पलंगाच्या कप्प्यात. मॅच असेलच तर मॅचच्या वेळेला मुक्काम येईल असं निघा. आणि ड्रायव्हरला विचारा, तुम्हाला बघायची आहे का? हा प्रश्न आम्ही विचारला असता तर आम्ही पाचलाच निघालो असतो.

त्या रात्रीचं राहिलं सांगायचं. आदिलाबादच्या पुढे एक मोठा ढाबा लागला. काकांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही लॅपटॉप उघडून बघितला. एका कोपऱ्याला तडा गेला होता, पण चालू झाला. ढाबेवाल्यानं प्लग दिला, वायफायचा पासवर्डही दिला. बाहेरच्या खाटेवर एक पिंप उलटं ठेवलं, त्यावर लॅपटॉप. दुसरी इनिंग सुरू झाली होती. काका सगळ्यात पुढे बसले. आधी एक ट्रकवाला येऊन मागे उभा राहिला, मग दुसरा. एक तामिळनाडूचा होता, एक राजस्थानचा. क्लीनर पोरं टायरवर चढून बघत होती. शेवटच्या ओव्हरपर्यंत पंचवीस-तीस माणसं जमली असतील. पंधरा इंचांची स्क्रीन, त्यावर तडा, आणि प्रत्येक चौकाराला तीन-चार भाषांत आरडाओरडा.

मॅच आपण हरलो. तरी काकांनी सगळ्यांना चहा पाजला. मग त्यांनी तोंड धुतलं, गाडीत बसले, मागे वळून बघितलं. गाडी उभीच होती, त्यामुळे चाललं.

"लॅपटॉप ठेवला का खाली?" त्यांनी विचारलं.

"ठेवला काका."

मगच त्यांनी चावी फिरवली.