भेरीघोष थांबल्यावर सभागृह कोणाचे?

सम्राट अशोकाच्या चौथ्या शिलालेखात भेरीघोषाचा धम्मघोष झाल्याचे सांगितले आहे. आजच्या काळात असे घडते का? जर्मनीतील कार्ल्सरुहे शहरात घडले. तिथे पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१८ दरम्यान, दारूगोळ्याच्या कारखान्याची ३१२ मीटर लांबीची इमारत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यात परदेशांतून धरून आणलेल्या मजुरांना सक्तीने राबवण्यात आले. पुढे उत्पादन थांबले, इमारत रिकामी पडली आणि कलावंतांनी तिथे मुक्काम टाकला. १९९७ पासून तिथे कला आणि माध्यमांचे मोठे केंद्र चालते.

ही बातमी आनंदाची आहे. पण आपण आंबेडकरी तरुणांनी पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. भिंती रंगवल्या म्हणजे परिवर्तन झाले का? दार सर्वांना उघडे हवे आणि तिथे राबलेल्यांची आठवण जिवंत हवी. नाहीतर ते फक्त सुशोभीकरण.

आपल्या महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. २०२१ मध्ये देशातील ४१ आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांकडे सोपवण्यात आल्या. उद्या यातील एखादी जागा मोकळी झालीच, तर तिथे मॉल होणार की कामगारांच्या मुलांचे ग्रंथालय? हा प्रश्न आजच मांडावा लागेल.

बाबासाहेबांनी मात्र कारखाना बंद पडण्याची वाट पाहिली नव्हती. लष्करी डेपोच्या देहूरोडमध्ये २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी ब्रह्मदेशातून आलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. शस्त्रांच्या कोठारांशेजारीच धम्माची जागा उभी राहिली.

ताडकळससारख्या गावात आयुध निर्माणी नाही. पण मराठवाड्यातल्या गावोगावी बंद जिनिंगची शेडे, सोसायटीची पडकी गोदामे, ओस पडलेल्या सरकारी इमारती दिसतात. आणि आपली पोरे अभ्यासाला, जलशाच्या तालमीला जागा शोधत फिरतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तिथे जाऊन आपण लेखी मागणी करू, ठराव मंजूर करून घेऊ आणि दार सर्व जातींच्या मुलामुलींसाठी उघडे ठेवू. मागितल्याशिवाय कोणी किल्ली देत नाही.

जय भीम!