आवडतं ना? मग पारखून लिहा

कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या आयांकडून हल्ली एक तक्रार वरचेवर ऐकू येते. "ती जपानी कार्टुनं बघते ते एक वेळ चालेल, पण बघून झाल्यावर रात्री बारा-बारा वाजेपर्यंत त्यावर पानंच्या पानं लिहीत बसते. विचारलं तर म्हणते, तत्त्वज्ञान आहे त्यात! चित्रातल्या बाहुल्यांत कसलं आलंय तत्त्वज्ञान? एवढं डोकं अभ्यासात घातलं असतं तर?"

आधीच सांगून टाकते, मी मुलीच्या बाजूची आहे. पण एका अटीवर. लिहायचं तर ते नीट लिहिलं पाहिजे. नीट म्हणजे कसं, ते आज पाहू. आणि हे केवळ मुलींसाठी नाही बरं का. आपल्यालाही ते जमण्यासारखं आहे, काही बाबतींत तर त्यांच्यापेक्षा जास्त.

या चित्रपटांना आणि मालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. 'ॲनिमेशन' या शब्दाचंच जपानी तोंडी झालेलं ते छोटं रूप. ते आपल्याला अगदीच परकं नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारं 'जंगल बुक' मूळचं जपानी. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला, २०२५ च्या जानेवारीत थिएटरांत पुन्हा लागलेला 'रामायण'ही त्याच घराण्यातला. पण जपानात ही कला फक्त लहान मुलांसाठी राहिलेली नाही. मृत्यू, युद्ध, एकटेपण, यंत्रांमुळे बदलणारा माणूस असे मोठमोठे विषय तिथे चित्रांतून मांडले जातात. मोठे विषय आले की विचार आला, आणि विचार आला की लिहिणारेही आले.

असं हौसेनं लिहिणाऱ्यांची परंपरा जपानात चांगली जुनी आहे. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत 'कॉमिक मार्केट' नावाचा पहिला मेळावा भरला. तो भरवणारी मंडळी चित्रकथांवर टीकालेखन करणाऱ्या एका हौशी गटातली होती. स्वतः लिहून, स्वतः छापून काढलेली अंकवजा पुस्तकं तिथे मांडली होती. आपल्या शाळेतल्या हस्तलिखितांची आठवण व्हावी अशी. गट होते ३२, माणसं जमली सातशेच्या आसपास. आणि त्यांत बहुसंख्य कोण होत्या ठाऊक आहे? शाळकरी मुली! आज त्या मेळाव्याला लाखांनी गर्दी होते. तेव्हा 'पोरीबाळींचा रिकामा उद्योग' म्हणून नाक मुरडण्याआधी हे लक्षात असू द्यावं.

आता दोष सांगते, कारण हौशी लेखनात ते हमखास असतात.

पहिला दोष म्हणजे नुसती गोष्ट सांगणं. चार पानं कथानक आणि शेवटी 'मला फार आवडलं.' ही टीका नव्हे, हा वृत्तांत झाला.

दुसरा दोष आंधळ्या प्रेमाचा. आवडत्या चित्रपटात उणं म्हणून दिसतच नाही आणि कोणी दाखवलं तर राग येतो. आपल्या रसशास्त्रात आस्वाद घेणाऱ्याला 'सहृदय' म्हटलं आहे. पण त्याच शास्त्रात अभिनवगुप्तांनी रसाच्या आड येणारी विघ्नंही सांगितली आहेत, आणि स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणं हे त्यांपैकी एक. चाहत्याचं नेमकं हेच होतं. चित्रपटाबद्दल लिहिता लिहिता तो स्वतःबद्दलच लिहू लागतो.

तिसरा दोष शिकलेल्या मुलांचा, तो म्हणजे नावांची पोपटपंची. 'इव्हँजेलियन' ही १९९५-९६ सालची हिदेआकी आन्नो यांची २६ भागांची मालिका घ्या. तिच्या चौथ्या भागाच्या नावात शोपेनहॉवरच्या साळिंदरांचा संदर्भ आहे. थंडीत साळिंदरं ऊब मिळावी म्हणून जवळ येतात, काटे टोचले की लांब होतात, असा तो १८५१ सालचा दृष्टान्त. सोळाव्या भागाचं नाव किर्केगार्दच्या पुस्तकावरून घेतलेलं. शिवाय पडद्यावर जागोजागी क्रूस. झालं! चाहत्यांनी त्यावर लेखांचे डोंगर रचले. पुढे त्याच मालिकेचे एक दिग्दर्शक कझुया त्सुरुमाकी यांनी सांगितलं, की ती ख्रिस्ती चिन्हं आम्ही मालिकेला वेगळेपण यावं म्हणून वापरली, त्यामागे धार्मिक अर्थ नव्हता.

मग ते सगळे लेख वाया गेले का? तर तसंही नाही. ज्यांनी फक्त क्रूस मोजले त्यांचे गेले. पण जवळ आलं की टोचतं आणि लांब गेलं की थंडी वाजते, हे त्या मालिकेतल्या बाप-लेकात कसं घडतं, हे ज्यांनी प्रसंग धरून दाखवलं त्यांचं लेखन टिकलं. नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं, इतकं ते प्रसंगात आहे. तत्त्वज्ञान असं प्रसंगात सापडावं लागतं.

आता एक उदाहरण नीट घेऊ या, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' म्हणजे काजव्यांचं थडगं. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, साल १९८८. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरून तो घेतला आहे. नोसाकांची धाकटी बहीण १९४५ साली उपासमारीनं गेली, त्या सलातून त्यांनी ती कथा लिहिली. चित्रपटात कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई भाजून दगावते, वडील आरमारात. उरतात चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. ती नात्यातल्या एका बाईंकडे राहायला जातात. आपण त्यांना मावशी म्हणू.

मावशी आधी ठेवून घेते. मग धान्य संपत येतं. मुलांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणायला लावते, आणि त्यातला बराच स्वतःच्या घरात ठेवते. मुलगी आणि घरातला भाडेकरू कामावर जातात म्हणून त्यांना घट्ट भात. या दोघांना पातळ पेज. टोमणे सुरू होतात. शेवटी सेइता बहिणीला घेऊन बाहेर पडतो आणि तळ्याकाठच्या एका ओसाड खंदकात संसार मांडतो. तिथे सेत्सुको भुकेनं जाते. पाठोपाठ सेइताही, २१ सप्टेंबर १९४५ रोजी, रेल्वे स्टेशनात.

बघणारे रडतात आणि मावशीला शिव्या देतात. बहुतेक चाहते तिथेच थांबतात. विचाराला सुरुवात मात्र तिथूनच होते.

मावशीचं चुकलं काय? ती क्रूर नाही, ती हिशेबी आहे. जो राबतो त्याला जास्त, हा तिचा नियम. टंचाईच्या घरात हा नियम वरवर न्याय्यच वाटतो. पण चार वर्षांच्या मुलीला तो लावायचा कसा? तिनं काय काम करावं? म्हणजे जिथे कोणी काम करूच शकत नाही तिथे हा नियम आंधळा होतो. न्याय कुठे संपतो आणि माया कुठून सुरू व्हायला हवी, हा प्रश्न त्या पेजेच्या डावात आहे.

आणि सेइताचं? एक शेतकरी त्याला सांगतो, अभिमान गिळ आणि परत जा. तो जात नाही. आईनं बँकेत ठेवलेले पैसेही त्याच्याकडे आहेत. त्याचा स्वाभिमान खरा, पण त्याची किंमत बहीण मोजते. दुसऱ्याच्या पोटावर आपला मान राखायचा अधिकार कोणाला असतो का? आणि चौदा वर्षांच्या पोराला हा प्रश्न विचारायचा तरी किती? स्वतः ताकाहातांनी हा युद्धविरोधी चित्रपट नाही असं अनेकदा म्हटलं आहे. त्यांच्या मते ही समाजापासून तुटून आपल्यापुरतं जग करू पाहणाऱ्या भावंडांची गोष्ट. दिग्दर्शकाचं म्हणणं शेवटचं मानायचं का, हाही एक प्रश्नच. मला वाटतं, ऐकावं, पण पडद्याशी ताडून पाहावं. पडद्यावर युद्धही आहे, अभिमानही आहे आणि मावशीचा डावही आहे.

मैत्रिणींनो, तो डाव मोठमोठ्या समीक्षकांच्या आधी तुमच्या नजरेत भरेल. भांड्याच्या तळातून वाढायचं की वरवरचं, पहिल्यांदा कोणाचं पान, शेवटी कोण जेवतं, हे आपण रोज बघतो. वाढणाऱ्या हातात केवढी सत्ता असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून म्हटलं, की हे लेखन आपल्यालाही जमेल.

लिहायला बसताना एवढं सांभाळा, किंवा मुलीला सांगा :

चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा डोळे भरून, दुसऱ्यांदा वही घेऊन.

एकच प्रश्न निवडा. 'मावशी दोषी आहे का?' एवढा पुरे. 'युद्ध आणि मानवता' नको.

एक प्रसंग असा लिहा की न पाहिलेलीला तो दिसावा. मगच मत मांडा.

आपल्या विरुद्धची बाजू निदान चार ओळी, तिची टिंगल न करता, लिहा.

तत्त्वज्ञाचं नाव घ्यायचं तर त्याचं मूळ लिखाण थोडं तरी वाचा. नाहीतर नाव गाळा. मुद्दा खरा असेल तर तो उभा राहतो.

जे फसलं आहे तेही लिहा. आवडत्या माणसाचे दोष आपण सांगतोच की!

आणि आयांना एक विनंती. 'कार्टुनं पुरेत आता' म्हणण्याआधी तिची वही एकदा मागून घ्या आणि वाचून एकच प्रश्न विचारा, "हे असं कशावरून म्हणतेस?" ती रागावली तर रागावू द्या. दोन दिवसांनी उत्तर घेऊन येईल. हा प्रश्न एकदा स्वतःला विचारायची सवय लागली की ती परीक्षेच्या पेपरात आणि उद्या लग्नाच्या बोलणीतही तिच्या उपयोगी पडेल.

'फायरफ्लाइज' लहान मुलांना मात्र दाखवू नका. आधी तुम्ही एकट्यानं पाहा, दुपारची कामं आटोपल्यावर. संध्याकाळच्या स्वयंपाकाला थोडा उशीर होईल, तेवढी तयारी ठेवा.