बड्या हॉटेलाचा शोक आणि कामगारांचे विस्मरण

बंगळूरच्या रेसिडेन्सी रोडवरील व्हिक्टोरिया हॉटेल जमीनदोस्त झाले आणि २००४ साली त्या जागी मॉल उघडला. तेव्हापासून तेथील बडी मंडळी जुन्या वैभवासाठी अश्रू ढाळीत आहेत. मालक कोण, पाहुणे कोण, बाग केवढी, एवढाच त्यांचा इतिहास! तेथे भांडी कोणी घासली, आणि हॉटेल पाडताना कोणाची चूल विझली, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

१८०९ मध्ये वसविलेल्या लष्करी छावणीतील गोऱ्या साहेबांसाठी अशी हॉटेले उभी राहिली. जमिनीला सोन्याचा भाव येताच ती मोडली गेली. भांडवलाला वारसा कळत नाही. चौरस फुटाचा दर कळतो.

परंतु याच शहराने दुसरी वाटही दाखविली आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा कॉ. ए. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली कामगार संघटित झाले. १९५७ साली त्यांची पहिली सहकारी संस्था बंगळूरमध्येच स्थापन झाली. वाढपीच मालक बनले!

२००९ साली त्यांनाही महात्मा गांधी रोडवरील जागा सोडावी लागली, कारण इमारत परक्याची होती. तरीही नोकऱ्या बुडवून कोणी पैसे खिशात घातले नाहीत. कॉफी हाउस चर्च स्ट्रीटवर पुन्हा उघडले.

धडा स्पष्ट आहे. धंदा कामगारांच्या हाती आला, जमीन आली नाही. म्हणून लढा अर्धाच जिंकला गेला. शोक करणाऱ्यांनी खुशाल शोक करावा. आपण उरलेला अर्धा लढा लढू या!